परभणीच्या स्मृतीतून निसटलेले साम्राज्य

परभणी जिल्ह्याच्या सार्वजनिक इतिहासातील सर्वांत ठळक दिवस 17 सप्टेंबर हा आहे. 1948 साली या दिवशी निजाम मीर उस्मान अली खान यांनी शरणागती जाहीर केली, आणि हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद, बीड, नांदेड, उस्मानाबाद व परभणी या पाच मराठी जिल्ह्यांसाठी स्वातंत्र्य देशाच्या इतर भागांपेक्षा तेरा महिने उशिरा उगवले. परभणी शहरातील राजगोपालाचारी उद्यानात दरवर्षी या दिवशी ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि भाषणांतून निजाम, रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र दलाचा म्होरक्या कासीम रझवी व खुद्द रझाकार ही तीन नावे हमखास उच्चारली जातात. ज्या सत्तेने निजामाची गादी जवळजवळ दीडशे वर्षे सावरून धरली, त्या ब्रिटिश साम्राज्याचा उल्लेख मात्र या भाषणांत क्वचितच येतो. तो का येत नाही, हा स्मृतीच्या इतिहासकारांनी विचारण्याजोगा प्रश्न आहे.

सामूहिक स्मृती ही संकल्पना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स याने 1925 मध्ये मांडली. माणूस एकटा आठवत नाही, कुटुंब, धर्म, वर्ग यांसारख्या गटांनी पुरवलेल्या चौकटीत तो आठवतो, आणि जे त्या चौकटीत बसत नाही ते हळूहळू पुसट होत जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे प्येर नोरा याच्या संपादनाखाली 1984 ते 1992 या काळात फ्रान्सच्या ‘स्मृतिस्थळां’वर सात खंड निघाले. ज्या वास्तू, सण, ग्रंथ वा प्रतीकांभोवती राष्ट्राची आठवण साठते, त्यांना नोरा स्मृतिस्थळे म्हणतो. या प्रचंड प्रकल्पात फ्रान्सच्या वसाहतींच्या वाट्याला जवळपास एकच लेख आला, आणि तोही पॅरिसमध्ये 1931 साली भरलेल्या वसाहत प्रदर्शनावरचा. टीकाकारांनी या उणिवेवर नेमके बोट ठेवले, कारण 1957 साली रोमचा करार होऊन युरोपीय आर्थिक समुदाय जन्मला तेव्हा अल्जीरिया कायद्याने फ्रान्सचाच भाग होता आणि त्या करारात त्याचा नावानिशी उल्लेख होता. युरोपने आपली नवी ओळख युद्धोत्तर शांतता आणि लोकशाही यांवर उभी केली, त्या घडणीत वसाहतींचा वाटा मात्र दीर्घकाळ वगळलेलाच राहिला.

या चर्चेत ज्या वसाहती येतात त्या बहुधा थेट अंमलाखालच्या असतात. परभणीसारख्या मुलखाची गोष्ट निराळी आहे. येथे साम्राज्य अप्रत्यक्ष होते, म्हणजे गादी, दरबार व कर वसुलीची यंत्रणा देशी राजाची आणि सैन्य, परराष्ट्र व्यवहार व अंतिम शब्द इंग्रजांचा, अशी रचना होती. निजामाने 1798 मध्ये व पुन्हा 1800 मध्ये तैनाती फौजेचे करार केले आणि आपल्या खर्चाने इंग्रजी फौज पोसण्याचे बंधन पत्करले. त्या फौजेखेरीज हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातील इंग्रज प्रतिनिधी, हेन्री रसेल याच्या काळात आणखी एक सैन्य उभे राहिले. रसेल ब्रिगेड या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखल्या गेलेल्या या सैन्याचे अधिकारी इंग्रज होते, पगार निजामाच्या तिजोरीतून जात असे आणि हुकूम रेसिडेन्सीतून सुटत.

या सैन्याची एक छावणी हिंगोलीला होती. 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी तो परभणीचाच भाग होता, म्हणून जुन्या परभणी जिल्ह्यात ब्रिटिश सत्ता उघड्या डोळ्यांना दिसण्याचे ठिकाण कोणते असे विचारले तर हिंगोलीचेच नाव घ्यावे लागते. 1819 च्या जानेवारीत याच भागातील नोवसाजी नाईक या हटकर सरदाराच्या नोव्हा येथील गढीला कंटिंजंटने वेढा घातला आणि ती काबीज केली. त्या लढाईची आठवण स्थानिक समाजात नाईकांच्या शौर्यकथांतून उरली, तर विजेत्या पलटणींनी ‘नोव्हा’ हे नाव युद्धसन्मान म्हणून आपल्या निशाणावर मिरवले. स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराने भारतीयांविरुद्ध याच भूमीवर मिळवलेले असे सन्मान निंद्य ठरवले. एकच लढाई विजेत्यांच्या निशाणावर आणि पराभूतांच्या कथेत अशी दोन ठिकाणी नांदत राहते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठवाड्यात शोधून सापडायचे नाही.

कंटिंजंटच्या खर्चाची थकबाकी साचत गेली आणि 1853 च्या कराराने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. पैनगंगेच्या एका तीरावर इंग्रजी अंमल, दुसऱ्या तीरावर मोगलाई, म्हणजे निजामाचा अंमल, अशी सीमा तेव्हापासून पक्की झाली. 1902 मध्ये लॉर्ड कर्झन याने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि कंटिंजंट हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाले, तेव्हा 1903 मध्ये हिंगोलीची छावणीही उठली. यापुढची चव्वेचाळीस वर्षे परभणीच्या रयतेला दैनंदिन जीवनात गोरा अधिकारी भेटण्याचे फारसे कारण उरले नाही, आणि स्मृतीच्या दृष्टीने हीच गोष्ट निर्णायक ठरली.

रयतेला भेटत होते ते अव्वल तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हाधिकारी, तहसीलदार, देशमुख, पटवारी आणि करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचे शिपाई. कागद उर्दूत, साल फसली, नाणे हाली सिक्क्याचे. ही सर्व रचना निजामी वाटते आणि होतीही, परंतु तिचा सांगाडा पाहिला तर दिवाण पहिले सालारजंग यांनी 1865 मध्ये केलेली जिल्हाबंदी आणि त्यानंतर मराठवाड्यात झालेली जमीन मोजणी व धारा आकारणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीवर बेतलेली होती. रेल्वेचेही तसेच. मनमाडहून औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड करीत सिकंदराबादला जाणारा मीटरगेज मार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला, लोकांनी त्याला निजामाची रेल्वे म्हटले, आणि ते म्हणणे चुकीचेही नव्हते, कारण भांडवलावरील परताव्याची हमी निजाम सरकारची होती. ते भांडवल मात्र लंडनमध्ये उभारले गेले होते आणि ही रेल्वे संस्थानाच्या मालकीची झाली ती 1930 मध्ये. सेलू, मानवत, परभणी येथील जिनांमधून निघालेल्या कापसाच्या गाठी या मार्गाने मनमाडमार्गे मुंबईला पोहोचत, आणि परभणीच्या काळ्या जमिनीतील गावराणी कापसाचा भाव अशा रीतीने जिल्ह्याबाहेरच्या बाजाराशी बांधला गेला.

या पार्श्वभूमीवर मुक्तिसंग्रामाची स्मृती वाचली पाहिजे. 1937 मध्ये हैदराबाद संस्थानातील महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातच, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. नागरी हक्क आणि जबाबदार राज्यपद्धती या मागण्यांचा रोख साहजिकच निजाम सरकारकडे होता. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, आणि 1947 नंतर उमरखेडसारख्या सरहद्दीवरील कॅम्पांतून सशस्त्र लढा सुरू झाला. शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करणे, पटवाऱ्यांची दप्तरे जाळणे हे लढ्याचे प्रकार होते. जवळचा जुलमी डोळ्यांसमोर असताना दूरच्या सार्वभौमाकडे बोट दाखवण्याची गरज कोणाला वाटली नाही, यात लढणाऱ्यांचा दोष काढता येत नाही. शिवाय 15 ऑगस्ट 1947 रोजी इंग्रजांचे अधिराज्यत्व, म्हणजे संस्थानांवरील सर्वोच्च सत्तेचा हक्क, आपोआप संपुष्टात आले होते आणि पेचाचे सारे ओझे निजाम व दिल्ली यांच्यावर टाकून लंडन मोकळे झाले होते.

मुक्तिसंग्रामाच्या या चौकटीने आणखीही काही बाहेर ठेवले. सप्टेंबर 1948 मधील भारतीय लष्कराच्या कारवाईनंतर, म्हणजे तथाकथित पोलीस कारवाईनंतर, संस्थानातील मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने 1948 च्या अखेरीस केली, मृतांचा अंदाज 27 ते 40 हजारांच्या दरम्यान दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत परभणीच्या शेजारच्या नांदेडचे नाव घेतले. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांनी मारलेल्यांची स्मृती स्तंभावर आली, या मृतांची घराघरांत कुजबुजीच्या रूपाने राहिली, आणि दोन्ही खऱ्या असूनही त्या एकमेकींना भेटल्या नाहीत. 17 सप्टेंबरला महाराष्ट्रात मुक्तिदिन म्हणतात, तर तेलंगणात 2022 साली केंद्र सरकारने तो मुक्तिदिन म्हणून आणि तेथील राज्य सरकारने राष्ट्रीय एकात्मतेचा दिवस म्हणून साजरा केला. या वादात पक्षांचे राजकारण उघड आहे, तरी वादाचे दोन्ही पक्ष निजामापाशीच थांबतात हे अधिक लक्षणीय आहे.

अप्रत्यक्ष साम्राज्य अशा रीतीने दोन्हीकडून विसरले जाते. युरोपात त्याची नोंद राहत नाही, कारण हैदराबाद ही औपचारिक अर्थाने वसाहत नव्हती आणि म्हणून वसाहतींविषयीच्या पश्चात्तापाच्या वा अभिमानाच्या हिशेबात तिचे खातेच उघडलेले नाही, तर परभणीत ते आठवत नाही, कारण जुलूम करणारा हात देशी होता. फ्रान्सने 2005 च्या कायद्यात वसाहतवादाची ‘सकारात्मक भूमिका’ शाळांत शिकवण्याचे कलम घातले आणि टीकेनंतर पुढच्याच वर्षी ते मागे घेतले, हा वाद निदान उघड्यावर झाला. परभणीच्या बाबतीत वाद व्हायला लागणारी प्राथमिक ओळखच दोन्हीकडे झालेली नाही.

स्मृतीने जे सोडले ते दप्तराने मात्र धरून ठेवले आहे. मराठा समाजाच्या आरक्षणाच्या मागणीनंतर सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमण्यात आली, मराठवाड्यातील तहसिलांमधून उर्दू व मोडी जाणणारे वाचक बसवून निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरला प्रशासकीय महत्त्व मिळाले. मुक्तिसंग्रामात जाळण्याजोगे मानले गेलेले दप्तर नातवंडांना जपून उलगडावे लागत आहे. त्या गॅझेटिअरचा 1909 चा खंड मिर्झा मेहदी खान यांनी रचला, परंतु तो ब्रिटिश हिंदुस्थानच्या ‘इंपीरियल गॅझेटिअर’ मालिकेतील होता. त्यातील जातवार आकडे ज्या शिरगणतीतून आले, ती हैदराबादेत 1881 पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या शिरगणतीबरोबरच दर दहा वर्षांनी होत असे आणि तिचे तक्ते हिंदुस्थानच्या जनगणना आयुक्तांच्या आखणीला धरून असत. कुणबी कोण आणि मराठा कोण, हे कोणत्या रकान्यात लिहायचे याचा निर्णय त्यामुळे हैदराबादच्या दरबारात एकट्याने झालेला नव्हता.