कॉम्प्रेशन फिटिंग (दुरुस्ती व बदल)

वेल्डिंग न करता, नळीवर आटे न पाडता स्टेनलेस स्टीलची नळी जोडणारा सांधा. नट आवळला की आतली फेरूल (धातूची कडी) नळीवर दाबली जाते आणि तिथेच कायमची रुतते. दोन फेरूलांचा प्रकार अमेरिकेतील स्वॅजलॉक कंपनीने (स्थापना १९४७) रुळवला.

दुग्धप्रक्रियेत हा सांधा शोभतो तो हवेच्या आणि दाबमापकाच्या बारीक नळ्यांवर. दुधाच्या वाटेवर तो नकोच! फटीत दूध साचते, धुतले जात नाही. तिथे सहज उघडून धुता येणारा एसएमएस युनियन (दुग्धशाळेतील नळीजोड) किंवा क्लॅम्प बरा.

गळती दिसली की चालू दाबावरच नट पिळण्याचा मोह होतो, आणि तोच धोक्याचा. आधी दाब सोडावा. फेरूलवर चरा पडला असेल तर ती ओढून निघत नाही; नळीचे टोकच कापावे लागते. काप काटकोनात घेऊन कडेची बर काढावी, नळी तळापर्यंत बसवावी. नवा नट हाताने घट्ट केल्यावर पान्याने सव्वा फेरा (६ मिमी व त्याहून जाड नळीला). जुना सांधा जोडताना मात्र उघडण्यापूर्वी केलेल्या खुणेपर्यंत आणि किंचित पुढे. स्टेनलेसचे कोरडे आटे एकमेकांत जाम होतात, म्हणून खाद्ययोग्य वंगण लावतात. दोन कंपन्यांचे नट-फेरूल एकत्र वापरू नयेत.