सेवाग्राममधील नई तालीम शाळा

सेवाग्राममधील नई तालीम शाळा ही महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात, वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर असलेल्या सेवाग्राम येथे महात्मा गांधींच्या शिक्षणविचारांनुसार सुरू झालेली प्रायोगिक शाळा होय. हिंदुस्थानी तालिमी संघाने १९३८ नंतर येथे मूलोद्योग शिक्षणाचा प्रयोग चालवला. तो बंद पडल्यानंतर नई तालीम समितीने २००५ मध्ये त्याच परिसरात 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. शेती, परसबाग, सूतकताई, स्वयंपाक आणि स्वच्छता ही कामे येथे अवांतर उपक्रम मानली जात नाहीत. भाषा, गणित, विज्ञान व समाजशास्त्र शिकण्याचे माध्यम म्हणून ती योजली जातात. भारतातील पर्यावरण शिक्षण, कार्यानुभव आणि जीवनकौशल्य शिक्षण यांच्या इतिहासात या प्रयोगाचा वारंवार उल्लेख होतो.

पार्श्वभूमी

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचा त्यांच्या जीवनाशी संबंध असावा, हा विचार महाराष्ट्रात गांधींच्या आधीपासून मांडला गेला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे यांचाही समावेश करावा, अशी मागणी केली होती.

गांधींनी दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्ममध्ये मुलांच्या शिक्षणात शरीरश्रमाला स्थान दिले होते. ३० एप्रिल १९३६ रोजी ते वर्ध्याजवळील शेगाव येथे राहण्यास आले. पुढे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली आणि सर्वांना प्राथमिक शिक्षण कसे द्यावे व त्यासाठी पैसा कोठून आणावा, हा प्रश्न निकडीचा झाला. त्या वेळी गांधींनी 'हरिजन' साप्ताहिकातून उद्योगकेंद्री शिक्षणाची कल्पना मांडली.

वर्धा शिक्षण परिषद

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. परिषदेने चार ठराव संमत केले.

१. देशभर सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे.
२. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे.
३. या काळातील शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे आणि हा उद्योग मुलाच्या परिसराचा विचार करून निवडावा.
४. या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांच्या वेतनाचा खर्च निघू शकेल.

अभ्यासक्रम तयार करण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, किशोरलाल मश्रूवाला, श्रीकृष्णदास जाजू, के. जी. सय्यदैन, के. टी. शहा आणि आशादेवी आर्यनायकम् हे तिचे सदस्य, तर ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे निमंत्रक होते. समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर केला. ही योजना 'वर्धा शिक्षण योजना' म्हणून ओळखली जाऊ लागली. फेब्रुवारी १९३८ मधील हरिपुरा काँग्रेस अधिवेशनाने तिला मान्यता दिली आणि त्यानंतर हिंदुस्थानी तालिमी संघाची स्थापना झाली. संघाच्या कार्याची धुरा सेवाग्राम येथे आर्यनायकम् दांपत्याने वाहिली. आशादेवींना १९५४ मध्ये पद्मश्री पुरस्कार देण्यात आला.

अभ्यासक्रम व वेळापत्रक

झाकिर हुसेन समितीने शाळेचा दिवस साडेपाच तासांचा धरला होता. त्याची विभागणी पुढीलप्रमाणे होती.

मूलोद्योग: ३ तास २० मिनिटे
संगीत, चित्रकला व गणित: ४० मिनिटे
मातृभाषा: ४० मिनिटे
समाजशास्त्र व सामान्य विज्ञान: ३० मिनिटे
शारीरिक शिक्षण: १० मिनिटे
मधली सुटी: १० मिनिटे

दिवसातील सुमारे ६० टक्के वेळ उद्योगाला दिलेला असल्यामुळे ही योजना म्हणजे केवळ कारागिरीचे प्रशिक्षण आहे, असा समज पसरला. अहवालाची अपेक्षा मात्र अशी होती की, उद्योगाच्या तासांतही त्या कामाची गणिती, वैज्ञानिक व सामाजिक बाजू मुलांना समजावी. सूतकताई व विणकाम, सुतारकाम, शेती, फळबाग व भाजीपाला आणि चामड्याचे काम हे उद्योग सुचवण्यात आले होते. सामान्य विज्ञानात निसर्गनिरीक्षण, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, शरीरशास्त्र, आरोग्य, रसायन आणि आकाशदर्शन यांचा समावेश होता. लहान वर्गांत परिसरातील पिके, झाडे, प्राणी व पक्षी ओळखणे आणि ऋतूंतील बदल टिपणे यांवर भर होता.

समवाय पद्धती

काम आणि विषयज्ञान यांची सांगड घालण्याच्या या रीतीला मूलोद्योग शिक्षणात 'समवाय' किंवा 'अनुबंध' असे म्हणतात. केवळ काम करवून घेणे आणि कामातून शिकवणे यांतील भेद या पद्धतीमुळे स्पष्ट होतो.

सूतकताई हे तिचे मूळ उदाहरण आहे. चार फुटांच्या एका फेऱ्याला 'तार' म्हणत आणि ६४० तारांची एक गुंडी होत असे, म्हणजे २५६० फूट सूत. सुताचा अंक हा त्याच्या बारीकपणाचे माप असून एका पौंडात किती गुंड्या बसतात यावरून तो ठरतो. पौंड म्हणजे सुमारे ४० तोळे धरल्यास, चार गुंड्यांचे वजन १० तोळे भरले की सूत १६ अंकी आहे, असे मूल स्वतः काढू शकते. लांबी, वजन, गुणाकार, भागाकार व प्रमाण या संकल्पना अशा रीतीने त्याच्या हातातल्या वस्तूवर तपासल्या जातात. कापूस कोणत्या जमिनीत येतो, तो गावातून कोठे जातो आणि कापड होऊन परत येताना महाग का होतो, या प्रश्नांमधून भूगोल, इतिहास व अर्थव्यवहार यांचा अभ्यास सुरू होतो. कापूस हे वर्धा जिल्ह्यातील काळ्या जमिनीचे प्रमुख पीक असल्यामुळे येथील मुलांना हे प्रश्न परके नव्हते.

परसबागेलाही हीच पद्धत लागू पडते. वाफ्याची लांबी-रुंदी मोजताना परिमिती व क्षेत्रफळ येते. पेरलेल्या १०० बियांपैकी किती उगवल्या हे मोजताना शेकडेवारी समजते. ओल, माती, गांडूळ, कीड आणि परागीभवन यांचे निरीक्षण हा विज्ञानाचा पाठ होतो. भाजीचे वजन, दर व खर्च वहीत मांडणे हा हिशेबाचा, तर झालेल्या कामाची नोंद लिहिणे हा भाषेचा पाठ होतो. पीक बुडाले तर त्याची कारणे शोधणे हासुद्धा अभ्यासाचाच भाग असतो.

स्वच्छता, आहार व सहजीवन

सेवाग्राममध्ये सफाई हा शिक्षणाचा पाया मानला गेला. चराच्या संडासातील मैल्यावर कोरडी माती टाकून त्याचे सोनखत करणे आणि ते शेतात वापरणे, या प्रक्रियेतून रोगप्रसार, जंतू, कुजण्याची क्रिया व जमिनीची सुपीकता यांचे ज्ञान दिले जाई. त्याचबरोबर या कामाला सामाजिक अर्थही होता. मैला साफ करण्याचे काम एका जातीवर लादलेले असताना सर्व जातींच्या मुलांनी व शिक्षकांनी ते करणे, ही अस्पृश्यतेविरुद्धची प्रत्यक्ष कृती होती. स्वयंपाक, दळण व भांडी घासणे ही कामे मुलगे आणि मुली या दोघांकडूनही अपेक्षित होती. स्वच्छता, आहार व आरोग्य या विभागांच्या जबाबदाऱ्या विद्यार्थ्यांकडे असत.

विनोबा भावे यांनी शिक्षणाचे सार योग, उद्योग व सहयोग या तीन शब्दांत मांडले. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे झालेल्या परिषदेत नई तालीमचे क्षेत्र विस्तारून तिला आजीवन शिक्षणाचे स्वरूप देण्यात आले. पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण असे तिचे टप्पे ठरले. पूर्वबुनियादी शिक्षणात शांता नारुळकर यांनी, तर कलाशिक्षणात देवी प्रसाद यांनी सेवाग्राम येथे महत्त्वाचे कार्य केले. येथे काम केलेल्या शिक्षणतज्ज्ञ मार्जोरी साईक्स यांनी नई तालीमचा इतिहास लिहिला आहे.

टीका

या योजनेवर आरंभापासून टीका झाली. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकांचे वेतन काढण्याच्या कल्पनेला अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच विरोध केला. शाळेचा खर्च मुलांच्या श्रमावर अवलंबून राहिल्यास शिक्षकाचे लक्ष शिकवण्याऐवजी उत्पादनाकडे वळेल आणि शाळेला कारखान्याचे रूप येईल, हा या विरोधाचा मुख्य मुद्दा होता. झाकिर हुसेन समितीच्या अहवालानेही हा धोका मान्य केला होता. आर्थिक फळासाठी सांस्कृतिक व शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाऊ नये, अशी तिची भूमिका होती.

दुसरा आक्षेप सामाजिक होता. पिढ्यान्पिढ्या श्रम करत आलेल्या समाजांना शाळेकडून श्रमापासून मुक्ती अपेक्षित होती. त्यामुळे हस्तोद्योगाची शाळा त्यांना दुय्यम प्रतीची वाटणे स्वाभाविक होते. याउलट, ज्या कौशल्यांना जातिव्यवस्थेने हीन लेखले त्यांनाच अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणल्याने ही योजना ज्ञानाच्या प्रस्थापित उतरंडीला आव्हान देत होती, असे शिक्षणतज्ज्ञ कृष्णकुमार यांनी दाखवून दिले आहे.

विस्तार व ऱ्हास

स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण हे प्राथमिक शिक्षणाचे अधिकृत धोरण बनले. महाराष्ट्रातील अनेक जिल्हा परिषद शाळांच्या नावांतील 'जीवन शिक्षण' हे शब्द त्या काळाची आठवण देतात. मात्र प्रशिक्षित शिक्षक, साधने आणि जमीन यांचा अभाव असलेल्या असंख्य शाळांत टकळी हा केवळ वेळापत्रकातील एक तास ठरला. विषयांशी असलेला अनुबंध सुटल्यावर कामही कंटाळवाणे झाले. माध्यमिक शाळा, परीक्षा आणि नोकऱ्या जुन्याच पद्धतीने चालू राहिल्याने पालकांनी पुस्तकी शाळांना पसंती दिली. १९५९ मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला आणि १९७० च्या दशकात सेवाग्राममधील शाळाही बंद पडली.

आनंद निकेतन

२००५ मध्ये नई तालीम समितीने सेवाग्राम आश्रमाच्या परिसरात आनंद निकेतन शाळा सुरू केली. आसपासच्या खेड्यांतील व वर्ध्यातील मुले येथे शिकतात. शेती व परसबाग, सूतकताई, शिवणकाम, स्वयंपाक, सफाई आणि कला यांना दैनंदिन कामकाजात स्थान आहे. जुन्या योजनेतील दोन गोष्टींत येथे महत्त्वाचा फरक आढळतो. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागवण्याचे उद्दिष्ट मागे पडले असून कामाचे शैक्षणिक मूल्य प्रधान मानले जाते. तसेच उद्योगाची कल्पना एकट्या सूतकताईपुरती मर्यादित राहिलेली नाही. रासायनिक खते व कीटकनाशकांविना शेती, आहार, पाणी आणि जैवविविधता हे विषय पुढे आले आहेत. शेतीवरील संकट व शेतकरी आत्महत्या अनुभवलेल्या विदर्भात शेतीचे शिक्षण हे मुलांच्या घरच्या परिस्थितीशी थेट निगडित आहे.

नंतरच्या शैक्षणिक धोरणांशी संबंध

कोठारी आयोगाने (१९६४–६६) 'कार्यानुभव' ही संकल्पना मांडली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने तिला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे रूप दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये शालेय स्तरावर पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याविषयी निर्देश दिले. महाराष्ट्रात प्राथमिक स्तरावर 'परिसर अभ्यास' हा विषय शिकवला जातो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने उत्पादक कामाला अध्ययनाचे माध्यम मानले, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांच्या दप्तराविना कालावधीची तरतूद आहे.

या तरतुदींपैकी बहुतेकांत काम किंवा परिसर हा स्वतंत्र विषय, तासिका अथवा काही दिवसांचा उपक्रम म्हणून येतो. नई तालीमचा आग्रह याहून वेगळा होता. तिच्या मते परसबाग हा आठवा विषय नसून उरलेल्या सात विषयांची ती प्रयोगशाळा होती. तासिका नेमून दिल्याने हा अनुबंध आपोआप साधत नाही. त्यासाठी काम आणि विषय हे दोन्ही जाणणारा शिक्षक लागतो, हा सेवाग्रामच्या प्रयोगातून निघणारा प्रमुख निष्कर्ष आहे.

हेही पाहा

सेवाग्राम
झाकिर हुसेन
आशादेवी आर्यनायकम्
विनोबा भावे
कार्यानुभव