अठरा तासांचा अभ्यास आणि बोदलकशाच्या मुलीचा प्रश्न



१४ एप्रिल जवळ आला की महाराष्ट्रभर विहारांत, अभ्यासिकांत आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. मिरवणुकीतल्या डीजेपेक्षा हा उपक्रम लाखपटीने चांगला, यात वाद नाही. आम्हीही कॉलेजात असताना त्यात बसलो आहोत. पाय आखडले, डोळे चुरचुरले, शेवटी प्रमाणपत्र मिळाले, फोटो निघाला. सतराव्या तासाला काय वाचले, ते मात्र दुसऱ्या दिवशी आठवत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी याच उपक्रमाच्या तयारीसाठी आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, बोदलकसा इथे गेलो होतो. तलाव, धानाची शेती आणि नागझिऱ्याकडे पसरत गेलेले जंगल, असा हा मुलूख. बैठकीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "दादा, मी अठरा तास बसली तर मोह कोण वेचणार?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण आमच्याकडे उत्तर नव्हते. मागच्या परीक्षेत तिचे दोन पेपर राहिले होते आणि घरात तिचे शिक्षण बंद करण्याची बोलणी सुरू होती, हे आम्हाला नंतर कळले.

त्या प्रश्नाने आम्हाला बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचायला लावले. यावेळी त्यांनी किती तास अभ्यास केला, हे आम्ही पाहिले नाही. ते तास त्यांना कोणी आणि कसे मिळवून दिले, ते शोधत गेलो.

सुरुवात परळच्या चाळीतल्या एका खोलीपासून करू. स्वयंपाक, झोपणे, लाकूडफाटा, सगळे त्याच खोलीत. पायथ्याशी बकरी, उशाशी जाते. अशा ठिकाणी शाळकरी भीमाने अभ्यास कधी करायचा? सुभेदार रामजींनी त्यावर तोड काढली. भीमाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग भीमाला उठवून त्याच जागी आपण झोपायचे. घरात निजानीज झाली की रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यावर भीम पहाटेपर्यंत वाचायचा. पहाटेचा हा अभ्यास आपण भीमाची जिद्द म्हणून सांगतो, आणि ती होतीच. पण त्या तासांची किंमत बापाने आपल्या झोपेने मोजली होती, हे सांगायचे आपण विसरतो.

दुसरे नाव कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींचे. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसतो, हे त्यांनी पाहिले, चौकशी केली आणि पुस्तके द्यायला सुरुवात केली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा हेच केळुस्कर त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. म्हणजे वेळ बापाने दिला, पुस्तके गुरुजींनी दिली, फी महाराजांनी दिली. यातले एकही नसते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आता गुणांचे बोलू. ज्या मॅट्रिकसाठी सभा भरली, त्या परीक्षेत भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढा, ३८ सुद्धा भरत नाही. आज एवढ्या गुणांचा मुलगा घरात तोंड लपवतो. त्या सभेला जमलेल्यांनी मात्र टक्के मोजले नाहीत. अस्पृश्य मुलगा मॅट्रिक झाला याचा अर्थ त्यांना कळत होता.

आणि पुढचा मार्ग सरळ होता का? १९१६ मध्ये कोलंबियाहून बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण परतण्याआधी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने ५००० रुपये उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. आजच्या भाषेत हा तीन वर्षांचा 'गॅप' आहे.

त्याही पुढे, १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सुधारून आणायला सांगितला. इंग्रजी राज्यावरची टीका त्यांना झोंबली होती. पैसे संपत आले होते, म्हणून बाबासाहेब मुंबईला आले, इथून दुरुस्त प्रबंध पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. झाले. निष्कर्षांवरून ते मागे हटले नाहीत. प्रबंध परत आला म्हणून घरीही बसले नाहीत.

लंडनमधले अठरा तासही जरा जवळून पाहा. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जायचे, संध्याकाळी ते बंद होईपर्यंत बसायचे, मग खोलीवर पुन्हा वाचन. रात्री भूक लागली की पापड भाजायचे आणि कपभर दूध प्यायचे. यात वीरश्री कमी आणि शिस्त जास्त आहे. ही शिस्त एका दिवसाची नव्हती, रोजची होती. आणि त्या काळात मुंबईत तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या रमाई. आमच्या व्याख्यानांत पापड येतो, रमाई शेवटच्या वाक्यात येतात. बोदलकशाच्या मुलीचा प्रश्न नेमका इथे टोचतो. बाबासाहेबांच्या अभ्यासासाठी घर सांभाळणारी रमाई होती. या मुलीला अभ्यासही करायचा आहे आणि घरातली रमाईही तिनेच व्हायचे आहे.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी विद्यापीठाची कल्पनाच वेगळी मांडली. ज्यांच्यात बुद्धी आहे, पण पैशाअभावी किंवा इतर अडचणींमुळे ज्यांना संधी घेता येत नाही, त्यांना शिक्षणाच्या सोयी पुरवणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ, अशी त्यांची भूमिका होती. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद कॉलेजचा आरंभ, ही त्याच विचाराची अंमलबजावणी. स्वतः अठरा तास अभ्यास केलेल्या माणसाने समाजाला 'तुम्हीही अठरा तास बसा' एवढेच सांगून सोडले नाही. त्याने बसायला इमारती उभ्या केल्या.

आपल्या मुलखातही ही परंपरा आहे. गोंदियाचे कालीचरण नंदागवळी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मुलींसाठी शाळा काढली. जाईबाई चौधरी यांनी हमालीचे ओझे वाहिले, शिकून शिक्षिका झाल्या, जात कळताच नोकरी गेली. तेव्हा त्यांनी १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळा कन्या शाळा सुरू केली. यांच्या जयंतीला डीजे वाजत नाही, म्हणून आपल्या पोरांना ही नावे ठाऊक नाहीत.

आता बोदलकशाला परत येऊ. नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा हिवाळी आणि उन्हाळी. हिवाळी परीक्षेच्या तोंडावर धानाची कापणी आणि चुरणी येते. उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, मागोमाग तेंदूपत्ता. मोह पहाटे वेचावा लागतो, उशीर झाला की जनावरे खातात. म्हणजे भीमाला ज्या पहाटेच्या वेळी दिव्यापाशी बसता आले, त्या वेळी आमची मुलगी टोपली घेऊन झाडाखाली असते. आम्ही समाजशास्त्र शिकलो, तेव्हा 'सांस्कृतिक भांडवल' असे शब्द पाठ केले. त्यांचा अर्थ आम्हाला या झाडाखाली कळला. अभ्यासाची सवय ही पोरांच्या अंगात जन्मतः असते किंवा नसते, असे मानणे म्हणजे गुणवत्तेचे तेच मनुवादी गणित आपल्या हाताने सोडवणे आहे.

म्हणून त्या वर्षी आम्ही अठरा तासांचा कार्यक्रम रद्द केला. त्याऐवजी विहारात रोज संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका सुरू केली. दोन तास, पण रोज. वस्तीतल्या आयाबाया बसल्या आणि ज्यांच्या मुली परीक्षेला आहेत, त्यांच्या वाट्याचा मोह महिनाभर आळीपाळीने इतरांनी वेचायचा, असे ठरले. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवल्या. वाचलेला धडा पुस्तक मिटून आपल्या शब्दांत एका पानावर लिहायचा आणि दुसऱ्याला समजावून सांगायचा, एवढाच नियम ठेवला. समजावता आले नाही तर तो धडा झालेला नाही. रात्री मुलींना घरापर्यंत सोडायची जबाबदारी मोठ्या मुलांवर टाकली. कुरकुर झाली, दोन-तीन वेळा बंदही पडले, पुन्हा सुरू केले.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचा एक पेपर निघाला, एक अजून बाकी आहे. ही काही यशोगाथा नाही. पण तिचे नाव कॉलेजच्या पटावर आहे आणि ती या हिवाळीला पुन्हा बसणार आहे. तिच्या वडिलांना आम्ही ७५० पैकी २८२ हा आकडा सांगितला होता. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "भरू द्या तिला फॉर्म."

मित्रांनो, येत्या जयंतीला अठरा तास जरूर बसा, आमचा विरोध नाही. पण १५ एप्रिलला विहाराचे कुलूप उघडे राहील का, ते आधी ठरवा. आपल्या वस्तीत कोण रात्री दोनपर्यंत जागून भीमाला उठवणार, कोण बागेतल्या पोराच्या हातात पुस्तक देणार, कोण फीचे २५ रुपये उभे करणार आणि मुलीच्या वाट्याचे काम कोण उचलणार, त्यांची नावे लिहून भिंतीवर लावा. नापास झालेल्या पोराला टोमणा मारण्याआधी १९२३ चा परत आलेला प्रबंध आठवा.

बाबासाहेबांसारखे शिकायचे असेल, तर कोणीतरी रामजी व्हायला हवे. ते काम आपले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!