साखर उकळण्याचा चंद्र

१/ उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांच्या प्रदेशात रात्री गोठणाऱ्या आणि दिवस उबदार होऊ लागले की मेपल वृक्षांतून गोड रस वाहू लागतो. अनिशिनाबे लोकांच्या कालगणनेत हा ‘साखर उकळण्याचा चंद्र’.

२/ कुटुंबे आपापल्या ठरलेल्या मेपलराईत मुक्कामास जात. खोडाला खाच पाडून रस भूर्जसालीच्या भांड्यांत धरीत. सुमारे ४० लिटर रस आटवावा, तेव्हा १ लिटर काकवीसारखा पाक हाती येतो.

३/ पाक साठवणे अवघड. म्हणून तो आणखी आटवून लाकडी कुंडात रवाळ होईपर्यंत घोटीत. ही साखर ‘मकक’ या भूर्जसालीच्या, मुळांच्या तंतूंनी शिवलेल्या पेटीत दीर्घकाळ टिके. मासे, मांस आणि रानतांदूळ यांना मिठाऐवजी तिचीच चव असे.

४/ १८३७ च्या तहाने आजच्या विस्कॉन्सिन-मिनेसोटातील विस्तीर्ण भूमी अमेरिकी सरकारकडे गेली. ओजिब्वे या अनिशिनाबे समूहाने शिकार, मासेमारी आणि वनोपज गोळा करण्याचा हक्क मात्र राखून ठेवला होता.

५/ पुढे मिनेसोटा राज्याने तो हक्क संपल्याचा दावा केला. मार्च १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कढई आणि कौशल्य घरात जपता येते. मेपलराई मात्र हक्कावाचून राहत नाही.