जनुकांच्या नामकरणाचा इतिहास : सोनिक हेजहॉग ते पिकाचुरिन

प्रस्तावना :
वैज्ञानिक परिभाषा काटेकोर व भावनानिरपेक्ष असते, असा सर्वसाधारण समज आहे. आनुवंशशास्त्राचा इतिहास मात्र या समजाला छेद देतो. व्हिडिओ गेममधील पात्रांची नावेही जनुकांना व प्रथिनांना देण्यात आली आणि त्यांपैकी काहींवरून वाद उद्भवले. या नामकरणाचा मागोवा घेतला असता प्रयोगशाळा व समाज यांच्यातील बदलते नाते स्पष्ट होते.

फळमाशीची परंपरा :
१९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या फळमाश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांची एक माशी आढळली. संबंधित जनुकास 'व्हाइट' हे नाव मिळाले. जनुकात बिघाड झाल्यावर जे वैगुण्य दिसते, त्यावरून जनुकाचे नाव ठेवण्याचा प्रघात फळमाशीच्या अभ्यासकांत रूढ झाला. क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड व एरिक विशाउस यांनी हायडेलबर्ग येथे केलेले संशोधन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना आढळलेले एक जनुक बिघडले असता अळीचे अंग दाट काट्यांनी भरून जाई. म्हणून त्यास 'हेजहॉग' या काटेरी सस्तन प्राण्याचे नाव देण्यात आले. या संशोधकद्वयास १९९५ मध्ये एडवर्ड लुईस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

१९९३ मध्ये पृष्ठवंशीय प्राण्यांतील तीन समरूप जनुकांची माहिती प्रसिद्ध झाली. दोहोंना 'डेझर्ट' व 'इंडियन' ही हेजहॉगच्या प्रत्यक्ष प्रजातींची नावे मिळाली. तिसऱ्यास मात्र हार्वर्डमधील क्लिफर्ड टॅबिन यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट रिडल यांनी सेगा कंपनीच्या १९९१ मधील व्हिडिओ गेमच्या नायकाचे, म्हणजे 'सोनिक हेजहॉग'चे नाव दिले.

विनोदाची मर्यादा :
१९९६ मध्ये या जनुकातील उत्परिवर्तनाचा मानवी विकाराशी संबंध सिद्ध झाला. या विकारात गर्भाच्या अग्रमस्तिष्काचे दोन अर्धांत नीट विभाजन होत नाही. तीव्र स्वरूपात गर्भ जन्मापूर्वीच दगावतो. फळमाशीला स्वतःच्या जनुकाच्या नावाचे सोयरसुतक नव्हते. अपत्याचे निदान ऐकणाऱ्या मातापित्यांना ते असणे स्वाभाविक होते.

दुसरा आक्षेप व्यापारी जगातून आला. २००५ मध्ये न्यूयॉर्कमधील एका कर्करोग संशोधन केंद्राने कर्करोगास चालना देणाऱ्या जनुकाचे 'पोकेमॉन' हे आद्याक्षरी नाव प्रसिद्ध केले. बालकांच्या आवडत्या खेळाचे नाव कर्करोगाशी जोडले गेल्याने संबंधित कंपनीने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला व ते नाव मागे पडले. २००६ मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने अवमानकारक वाटू शकणाऱ्या नावांचा फेरविचार हाती घेतला. 'ल्युनॅटिक फ्रिंज' या नावाच्या जागी पुढे रासायनिक वर्णन आले. 'एलएफएनजी' हे संक्षिप्त चिन्ह मात्र कायम राहिले.

तथापि परंपरा खंडित झाली नाही. २००८ मध्ये जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी दृक्पटलातील संदेशवहनास आवश्यक असलेल्या प्रथिनास पोकेमॉनमधीलच चपळ, विद्युत्धारी 'पिकाचू'वरून 'पिकाचुरिन' हे नाव दिले. 'सोनिक हेजहॉग'ही अधिकृत नावात टिकून आहे.

समारोप :
नाव लक्षात राहावे, ही संशोधकाची गरज. ते कोणास दुखावू नये, ही रुग्णाची अपेक्षा. समितीच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत अवमानकारक नावे टाळण्याचा स्पष्ट निर्देश आहे. जनुकाचे ज्ञान रुग्णशय्येपर्यंत पोहोचताच त्याचे नाव केवळ शोधकर्त्याचे राहत नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.