हुकूम कोणाचा?

शिकागोच्या दक्षिणेस १८८० मध्यें जॉर्ज पुलमन या कारखानदारांनीं आपल्या कामगारांसाठीं एक नमुनेदार गांव वसविण्यास प्रारंभ केला. त्यांच्या कारखान्यांत रेल्वेचे निजावयाचे डबे तयार होत. गांवांत विटांचीं नीटनेटकीं घरें होतीं, बागा होत्या, ग्रंथालय व नाट्यगृहही होतें. उणीव एकच होती. गांवची व्यवस्था कशी असावी, हें तेथें राहणाऱ्यांना कोणी विचारीत नसे. १८९३ च्या मंदीनंतर मजुरी घटली. घरभाडें मात्र तेंच राहिलें. मे १८९४ मध्यें संप झाला, तो रेल्वेमार्गांवर दूरवर पसरला, आणि अखेर संघसरकारचें सैन्य येऊन मोडला गेला.

त्याच वर्षीं जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ शिकागो विद्यापीठांत अध्यापक म्हणून आले. कल्पनेचा अर्थ तिच्या व्यावहारिक परिणामांत शोधावा, असें चार्ल्स पर्स यांनीं १८७८ मध्यें मांडलें होतें. विल्यम जेम्स यांनीं त्या विचारास प्रसिद्धि दिली, व ड्यूई यांनीं तो शाळा, समाज आणि लोकशाही यांस लावला. हाच फलप्रामाण्यवाद होय. मात्र येथें फल म्हणजे नफा नव्हे. एखादी व्यवस्था ज्यांच्या अनुभवास येते, त्यांच्या जीवितावर तिचा जो परिणाम होतो, तें फल. या कसोटीवर पुलमन यांचें सुंदर गांव उतरलें नाहीं.

ड्यूई यांच्या स्नेही जेन ॲडम्स यांनीं १८८९ मध्यें शिकागोंत हल हाउस ही सेवासंस्था स्थापिली होती. संपानंतर लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं पुलमन यांची तुलना शेक्सपिअरच्या लिअर राजाशीं केली. दोघेही उदार होते; परंतु ज्यांचें भलें करावयाचें, त्यांचें मन जाणून घेण्याची गरज दोघांसही भासली नाहीं. हा निबंध छापून येण्यास १९१२ साल उजाडलें.

पुढें बोस्टनच्या मेरी पार्कर फॉलेट यांनीं याच दिशेनें कारखान्यांचा विचार केला. १९२५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें व्यावसायिकांपुढें दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं सांगितलें कीं, हुकूम व्यक्तीचा नसावा, परिस्थितीचा असावा. वरिष्ठ व कनिष्ठ दोघांनीं मिळून ती परिस्थिति अभ्यासावी. त्यांचें उदाहरण साधें होतें. हार्वर्डच्या ग्रंथालयांत एका लहान खोलींत एका वाचकास खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद हवी होती. शेवटीं शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्यास हवा मिळाली. बाईंच्या अंगावर येणारा वारा टळला. कोणीही हरलें नाहीं.

संस्थांचा अभ्यास करणाऱ्यास यांतून एक दृष्टि लाभते. अधिकाऱ्यांची उतरंड कागदावर कशी रेखाटली आहे, एवढें पाहून भागत नाहीं. अडचण आली असतां तेथील माणसें काय करतात, कोणाचा अनुभव ऐकला जातो आणि चुकीवरून नियम बदलतो कीं नाहीं, हें पाहावें लागतें. १८९८ मध्यें इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानें असें गांव बाळगण्याचा कंपनीस अधिकार नाहीं, असा निर्णय दिला. पुढें तीं घरें विकली गेलीं. त्यांत राहणाऱ्यांस मालकी मिळूं लागली. पण कारखान्याच्या दाराआंत हुकूम कोणाचा, हा प्रश्न त्या निकालानें सुटला नाहीं.