वऱ्हाडातील हवाई संभाषण आणि खालचे आकाश

हवाई वाहतूक नियंत्रक व वैमानिक यांच्यातील रेडिओ संभाषण जगभर प्रामुख्याने 118 ते 137 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. संकटकाळासाठी 121.5 मेगाहर्ट्झ राखीव असते. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीचा बाक आड आला की संभाषण तुटते. विमान जितके उंच, तितका संपर्काचा पल्ला लांब. उंचीच्या मीटरमधील आकड्याचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे 4.1 ने गुणले की पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो.

हा हिशेब वऱ्हाडाला लावून पाहण्यासारखा आहे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून अमरावती सरळ रेषेत सुमारे 135 किमी, अकोला सुमारे 215 किमी. नागपूरचा अँटेना जमिनीलगत धरला, तर अमरावतीवर साधारण 1,100 मीटरच्या आणि अकोल्यावर 2,700 मीटरच्या खाली असलेल्या विमानापर्यंत नागपूरचा आवाज थेट पोहोचत नाही. अँटेना उंच असेल तर हे आकडे उतरतात. दहा किलोमीटर उंचीवरच्या जेटला ही अडचण नाही. ती आहे उतरणाऱ्या विमानाला आणि शिकाऊ वैमानिकाला.

बेलोरा (अमरावती) विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. तिथे 34 विमानांची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने 2024 मध्ये जाहीर केले. प्रशिक्षणातल्या घिरट्या साधारण 300 मीटर उंचीवर घेतल्या जातात. तेवढ्या उंचीचा पल्ला सुमारे 70 किमी, म्हणजे बेलोऱ्याहून जेमतेम अकोल्याच्या शिवणी धावपट्टीपर्यंत. म्हणून खालच्या थरात स्थानिक टॉवरची फ्रिक्वेन्सी आणि वैमानिकांनी आपली जागा एकमेकांना कळवत राहणे, हाच खरा आधार.

विमानांच्या रेडिओत आजही जुने आयाम-अधिमिश्रण (एएम) टिकून आहे, ते याच कारणाने महत्त्वाचे. दोघे एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि दुसरेही कोणी बोलत असल्याचे कळते. एफएममध्ये जोरकस आवाज दुसऱ्याला पुरता गिळून टाकतो.

पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्यात डोंगराचा अडथळा फारसा नाही, पण उत्तरेला गाविलगडची रांग आहे. तिच्या पलीकडे धारणीच्या बाजूला खालून जाणारे विमान दक्षिणेकडच्या अँटेनाच्या सावलीत जाते. उलट हीच रांग उपयोगीही पडू शकते. तिच्यावरचे चिखलदरा खालच्या सपाटीपेक्षा, म्हणजे पायनघाटापेक्षा, सुमारे 800 मीटर उंच आहे. तिथल्या अँटेनाचा पल्ला हिशेबाने 115 किमीच्या आसपास, आणि अमरावती व अकोला ही दोन्ही शहरे त्याच्या आत येतात.

असा दूरवर अँटेना उभारून तो तारेने वा उपग्रहाने नियंत्रण कक्षाशी जोडण्याची पद्धत रुळलेली आहे.